डिस्कचा सातबारा आणि पारोळ्याचं एक्सपी

मंडळी, आजचा विषय जरा जुनाट आहे. एकाच कॉम्प्युटरवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम्स, म्हणजे आपलं ड्युअल बूट. ऑफिसात हा शब्द काढला की नवीन पोरं माझ्याकडे अशी बघतात जणू मी ट्रंककॉल लावायला निघालोय. त्यांचं म्हणणं सरळ आहे. व्हर्च्युअल मशीन आहे, क्लाउड आहे, मग कशाला हवीत ती पार्टिशनं? आणि जुनं विंडोज? ते तर भंगारात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून हा "भंगारात" शब्द जरा जास्तच ऐकू येतोय.

माझं मत वेगळं आहे. जुनी सिस्टिम जिवंत ठेवायची गरज खरी असते, फक्त ती बाणेर-हिंजवडीच्या काचेच्या इमारतींतून दिसत नाही. तालुक्याच्या गावात गेलं की दिसते. आणि ती भागवायचा जो उपाय सगळे सुचवतात, की एकाच डिस्कवर दोन्ही सिस्टिम्स कोंबा, तो मात्र मला अजिबात पटत नाही. कारण सांगतो, पण त्याआधी जरा गावाकडे जाऊ.

गाव पारोळा. धुळ्याहून जळगावकडे निघालात की वाटेत लागतं. किल्ला आहे, बालाजीचा उत्सव मोठा असतो, झाशीच्या नेवाळकरांचा या गावाशी जुना संबंध आहे. घराघरात बोली अहिराणी. आणि बाजारपेठेच्या एका गल्लीत एक छापखाना आहे, त्याचे मालक अण्णा. अण्णांचे वडील खिळे जुळवायचे, ट्रेडलवर छापायचे. अण्णांनी मिनी ऑफसेट आणलं आणि त्यासोबत डीटीपीसाठी पेंटियम ४ चं मशीन आणलं. विंडोज एक्सपी, ८० जीबीची डिस्क, पेजमेकर, आणि मराठी टायपिंगचं एक पॅकेज. ते पॅकेज चालायला मागे प्रिंटर पोर्टात एक डोंगल लावावं लागतं. डोंगल काढलं की कीबोर्ड मराठी बोलायचा बंद.

या मशीनवर वीसेक वर्षं काय छापलं गेलं? लग्नपत्रिका, उत्तरकार्याच्या पत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, पतपेढ्यांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका. आणि एका निवृत्त मास्तरांनी खेडोपाडी फिरून गोळा केलेल्या अहिराणी जात्यावरच्या ओव्या. पुस्तक पेजमेकरमध्ये लागलं, थोड्या प्रती निघाल्या, संपल्या. मास्तर आता नाहीत. हस्तलिखित पावसात गेलं. घरच्यांना पुस्तक पुन्हा छापायचंय आणि त्याची एकमेव प्रत अण्णांच्या डी ड्राइव्हमध्ये आहे.

अण्णांच्या मुलाने नवीन मशीन घेतलंय, विंडोज ११ वालं. त्याचं म्हणणं, हे जुनं धूड काढून टाकू. अण्णांचं म्हणणं एका वाक्यात: "जुना शे, पन चालस ना भाऊ!"

दोघांचंही बरोबर आहे, हीच तर गंमत आहे.

आता वळू पार्टिशनकडे. ज्यांना हे पाठ आहे त्यांनी चार परिच्छेद उडी मारावी. बाकीच्यांसाठी मी नेहमी सातबाऱ्याचं उदाहरण देतो, कारण वाटणी म्हटली की खान्देशात काय अन् कोकणात काय, सगळ्यांना लगेच कळतं.

डिस्क म्हणजे शेत. पार्टिशन टेबल म्हणजे त्याचा सातबारा: कुठून कुठपर्यंत कोणाचं. जुन्या पद्धतीचा सातबारा म्हणजे एमबीआर. आयबीएमच्या पीसीवर १९८३ साली, डॉस २.० सोबत हा आला. सगळी नोंद डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे ५१२ बाइट्समध्ये बसवायची. त्यातले ४४६ बाइट्स बूट करणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, शेवटचे २ बाइट्स शिक्क्याला, मधे उरले ६४. एका नोंदीला १६ बाइट्स. भागाकार करा. चार वारस, पाचव्याला जागा नाही! मग पाचवा आला की काय करायचं? एका वारसाच्या नावावर "एक्स्टेंडेड" म्हणून मोठा तुकडा टाकायचा आणि आत पोटहिस्से पाडायचे. प्रत्येक पोटहिश्शाच्या कागदावर पुढच्या पोटहिश्शाचा पत्ता. मधला एक कागद फाटला की त्याच्या पुढच्या सगळ्यांचा पत्ता गुल. अण्णांचे डी आणि ई ड्राइव्ह असेच पोटहिश्शातले आहेत, आणि ओव्या डी मध्ये!

दुसरी अडचण मापाची. एमबीआरमध्ये सेक्टरचा आकडा ३२ बिट्सचा असतो. ५१२ बाइट्सचा सेक्टर धरला तर हिशोब २ टीबीच्या आसपास संपतो. त्यापुढची जमीन असली तरी कागदावर नाही.

नवा सातबारा म्हणजे जीपीटी. इंटेलने इटॅनियमच्या काळात ईएफआय नावाचं नवीन फर्मवेअर काढलं, त्याच्यासोबत हा आला. आकडे ६४ बिट्सचे, नेहमीच्या मांडणीत १२८ नोंदींची जागा, नोंदींवर चेकसम (म्हणजे कोणी खाडाखोड केली तर कळतं), आणि एक नक्कल प्रत डिस्कच्या शेवटच्या टोकाला. तलाठ्याचं दप्तर जळालं तरी तहसीलला प्रत आहे, असा प्रकार. आणि जुन्या प्रोग्राम्सनी ही डिस्क कोरी समजून नांगर घालू नये म्हणून पहिल्या सेक्टरमध्ये एक खोटा एमबीआर ठेवतात. त्यात एकच नोंद: हे सगळं शेत व्यापलेलं आहे. त्याला प्रोटेक्टिव्ह एमबीआर म्हणतात. पण ती बांधावरची पाटी आहे, कुंपण नाही. पाटी न वाचणारा जुना टूल वापरलात तर तो आत घुसतोच.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. लोक अडकतात ते याच्या पुढे.

प्रश्न फक्त सातबाऱ्याचा नाही, तो वाचणाऱ्या तलाठ्याचाही आहे. जुना तलाठी बायोस, नवा तलाठी यूईएफआय. आणि विंडोजचा नियम असा कडक आहे की बायोसमधून सुरू व्हायचं तर डिस्क एमबीआर हवी, यूईएफआयमधून सुरू व्हायचं तर जीपीटी. अधलंमधलं चालत नाही. ३२ बिटी एक्सपीला तर जीपीटी डिस्क वाचताच येत नाही, बूट करणं दूरच. डिस्क मॅनेजमेंटमध्ये नुसती पाटी दिसते. (२००५ साली आलेलं ६४ बिटी एक्सपी जीपीटीवरचा डेटा वाचायचं, पण तेही तिथून बूट व्हायचं नाही. आणि ते पारोळ्यात कोणाकडे असेल असं मला वाटत नाही.) उलट बाजूने विंडोज ११ ला यूईएफआय पाहिजे, म्हणजे जीपीटी आलंच.

आणि एकदा मशीन यूईएफआयच्या वाटेने सुरू झालं की विंडोजचा बूट मेन्यू मधेच मागे फिरून बायोसच्या वाटेने एक्सपीला हाक मारू शकत नाही. सात आणि एक्सपी असे दोन पर्याय एका मेन्यूत दिसायचे ना, ते दिवस दोघंही एमबीआरवर राहायचे म्हणून होते.

मग हुशार लोक म्हणतात, हायब्रिड एमबीआर करा. एकाच डिस्कवर दोन्ही सातबारे, खरे खरे. हे प्रत्यक्षात झालेलं आहे. ॲपलने २००६ मध्ये इंटेलचे मॅक काढले, त्यांच्या डिस्क जीपीटी. त्यावर एक्सपी टाकायची सोय म्हणून बूट कॅम्प आलं आणि त्याने हीच युक्ती केली. चाललं, कारण सगळं ॲपलच्या हातात होतं. पण तुमच्या-आमच्या मशीनवर एका शेताचे दोन सातबारे म्हणजे काय होतं हे मी सांगायला नको. एका सिस्टिमने पार्टिशन हलवलं, दुसरीच्या कागदावर जुनाच बांध. मग एके दिवशी दोघंही एकाच जागी पेरणी करतात. दिवाणी न्यायालयात निदान तारीख तरी मिळते हो, डिस्कवर तीही नाही.

म्हणून माझा आग्रह: दोन पिढ्यांच्या सिस्टिम्सना दोन वेगळ्या डिस्क द्या. आज छोटी एसएसडी एका बऱ्यापैकी जेवणावळीच्या खर्चात येते. एकाच डिस्कवरची कसरत ही त्या काळची गरज होती, जेव्हा ४० जीबीची डिस्क घ्यायलाही घरी समिती बसायची.

त्या काळाची आठवण निघालीच आहे तर थोडं विषयांतर. आमच्या पिढीला ड्युअल बूट शिकवलं मासिकांसोबत येणाऱ्या सीड्यांनी. पीसीक्वेस्टची लिनक्सची सीडी, नंतर उबुंटूच्या त्या फुकट येणाऱ्या सीड्या (शिपइट नाव त्या योजनेचं, २०११ मध्ये बंद झाली). परदेशातून पाकीट यायचं, पोस्टमन सही घ्यायचा, गल्लीत रुबाब वाढायचा. मग हॉस्टेलवर रात्री कोणाच्या तरी मशीनवर प्रयोग. एक्सपी पुन्हा टाकलं की लिनक्सचा मेन्यू गायब, कारण एक्सपी स्वतःचं बूट कोड बिनदिक्कत पहिल्या सेक्टरमध्ये लिहून मोकळं. त्यामुळे "आधी विंडोज, मग लिनक्स" हा मंत्र झाला. मराठी दिसायचं म्हणून रिजनल सेटिंग्जमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करायची, एक्सपीची सीडी घालायची आणि मग एकदाचा मंगल फॉन्ट नीट उमटायचा. तो मंगल र. कृ. जोशींचा, हे तेव्हा आम्हाला माहीतही नव्हतं. असो.

तर अण्णांचा प्रश्न. मुलाच्या नव्या मशीनवर एक्सपी थेट बूट होणं शक्यच नाही. बायोसची नक्कल करणारा जो भाग यूईएफआयमध्ये असायचा, सीएसएम, तो नव्या बोर्डांवरून निघत चाललाय. इंटेलने २०१७ मध्येच सांगितलं होतं की २०२० पर्यंत ते काढून टाकणार. मग व्हर्च्युअल मशीन? माझ्या ऑफिसातल्या पोरांचं उत्तर ते. आणि बहुतेकांसाठी तेच बरोबर उत्तर आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. जीपीटीच्या वाड्यात एमबीआरची एक खोली बांधायची आणि एक्सपीला त्यात ठेवायचं. त्याला वाटतं जग अजून २००४ मध्येच आहे. जुन्या मशीनची डिस्क जशीच्या तशी उचलून आत टाकणार असाल तर एक लक्षात ठेवा: व्हर्च्युअल मशीनमध्ये डिस्क कंट्रोलर आयडीई ठेवा, नाहीतर निळी स्क्रीन आणि शेवटी ७बी लिहिलेला एरर ठरलेला.

पण इथे डोंगल आडवं आलं. यूएसबीचं असतं तर व्हर्च्युअल मशीनला देता आलं असतं. अण्णांचं डोंगल पॅरलल पोर्टचं, त्या २५ पिनांच्या रुंद भोकाचं. बाजारात यूएसबी टू पॅरलल वायरी मिळतात, पण त्या फक्त प्रिंटरपुरत्या. डोंगल तिथे बोलत नाही.

मग करसूत काय? (हे अण्णांचं वाक्य.)

दुकानात एक तिसरं मशीन होतं, हिशोबाचं. एच६१ चिपसेटचा बोर्ड, २०१३ च्या आसपासचा. त्या काळात आपल्याकडे असे बोर्ड ढिगाने विकले गेले. विंडोज ११ ला ते चालत नाही, प्रोसेसरच यादीत बसत नाही, म्हणून मुलाने तेही भंगाराच्या यादीत टाकलं होतं. मला मात्र ते मशीन बघून आनंद झाला. दोन पिढ्यांच्या मधला माणूस असतो ना, ज्याला आजोबांची अहिराणीही कळते आणि नातवाचं इंग्रजीही, तसं ते आहे. यूईएफआय आहे, सीएसएम पण आहे. एक्सपीचे ड्रायव्हर मिळतात. आणि बोर्डाच्या मागे चक्क पॅरलल पोर्ट! इथे ड्युअल बूट हा शौक नाही, तोच एक रस्ता आहे.

पहिलं काम मात्र यातलं काहीच नाही. पहिलं काम म्हणजे जुन्या ८० जीबी डिस्कची प्रतिमा काढणं. विंडोज सुरू न करता, लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून बूट करून, डीडीरेस्क्यू वापरून. हा प्रोग्राम खराब जागी अडून बसत नाही. आधी सहज वाचता येतं तेवढं उचलतो, अडलेल्या जागांची वही ठेवतो आणि मग परत येऊन त्यांच्या मागे लागतो. वयस्कर डिस्कला हेच मानवतं. अण्णांच्या डिस्कवर अडलेल्या जागा अगदी थोड्या निघाल्या, त्यातली एकही ओव्यांच्या फोल्डरमध्ये नव्हती. प्रतिमेच्या दोन प्रती केल्या, एक माझ्यासोबत पुण्याला आली.

मग दोन डिस्क. नवी छोटी एसएसडी, एमबीआर, त्यावर एक्सपी. बूट मोड लेगसी. दुसरी १ टीबीची आधीचीच डिस्क, हिशोबाचा डेटा बाजूला काढून, जीपीटी करून त्यावर लिनक्स, यूईएफआय मोडमध्ये. दोन्ही इन्स्टॉलेशनच्या वेळी दुसऱ्या डिस्कची केबल काढून ठेवली. एवढी एक सवय लावून घेतलीत तर ड्युअल बूटच्या निम्म्या रडकथा होतच नाहीत, कारण कोणीही दुसऱ्याच्या घरात स्वतःचं बूट लोडर ठेवून येत नाही. मशीन सुरू करताना बूट मेन्यूची फंक्शन की दाबायची आणि डिस्क निवडायची. अण्णांनी मॉनिटरला चिठ्ठी चिकटवली: "वरची जुनी, खालची नवी."

बारीकसारीक गोष्टी बऱ्याच होत्या, त्यातल्या तीन सांगतो. एक्सपीच्या मूळ सीडीला साटा एएचसीआय कळत नाही. पूर्वी एफ६ दाबून फ्लॉपी घालायचो, आता एनलाइटने ड्रायव्हर आत घालून नवी सीडी बनवली. दुसरं, एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करतं, आणि ते एसएसडीच्या आतल्या खणांशी जुळत नाही, वेग मार खातो. म्हणून पार्टिशन आधी लिनक्समधून २०४८ व्या सेक्टरपासून पाडलं आणि एक्सपीला फक्त "इथे बस" सांगितलं. तिसरं, घड्याळ. लिनक्स मशीनचं घड्याळ यूटीसी धरतं, विंडोज स्थानिक वेळ धरतं, म्हणजे प्रत्येक उडीला साडेपाच तासांचा घोळ. लिनक्सलाच समजावलं की बाबा, हे घड्याळ पारोळ्याचं आहे.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. लिनक्सला एक्सपीची डिस्क दिसते, एनटीएफएस त्याला वाचता येतं. एक्सपीला मात्र लिनक्सच्या डिस्कवर फक्त पाटी दिसते. म्हणजे जुन्या घरातून नव्यात सामान आणता येतं, पण जुन्या घरातला रोग नव्यात सहज जात नाही. ज्याला लोक जीपीटीची अडचण म्हणतात, ती इथे सोय झाली. एक्सपीला नेटवर्कची वायर लावलीच नाही, ड्रायव्हरही टाकला नाही. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, आणि मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टला मेलेल्या एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढावा लागला होता. तेवढी आठवण पुरेशी आहे. (दोन्हीकडे विंडोजच ठेवणार असाल, तर नव्या विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते बंद होताना खरं बंद होतच नाही, अर्धवट झोपतं. तुम्ही दुसऱ्या सिस्टिममधून सामाईक ड्राइव्हवर काही लिहिलंत की हे उठल्यावर जुन्याच आठवणीवर चालत राहतं, आणि फायलींची वाट लागते.)

आता मुद्द्याचं. इथपर्यंतचं सगळं हे दार उघडण्यापुरतं होतं. एक्सपी उठलं, डोंगलचा दिवा लागला, पेजमेकरमध्ये ओव्या दिसल्या. अण्णा खूश. पण त्या फायलीतला मजकूर बाहेर काढला की काय मिळतं? डॉलर, टक्के, कंस आणि इंग्रजी अक्षरांचा काला. कारण त्या काळातले आपले बहुतेक फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या खणात देवनागरीचे तुकडे बसवलेले. कॉम्प्युटरच्या लेखी ते मराठी नाहीच, फक्त दिसायला मराठी. प्रत्येक पॅकेजचे खण वेगळे. १९९१ सालीच आपल्याकडे आयएससीआयआय प्रमाणित झालं होतं, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, पण पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं आणि लग्नसराई थांबत नव्हती. २००१ चं ७.० हे पेजमेकरचं शेवटचं. त्याच्या फायली उघडणारं इनडिझाइन २०१२ च्या सीएस६ पर्यंतच. पुढच्यांनी ती सोयच काढून टाकली.

म्हणजे माझ्या मते खरं पार्टिशन डिस्कवर नाहीच. ते २००० ते २०१० च्या दरम्यान छापलेली मराठी आणि आज शोधता येणारी मराठी यांच्यात पडलेलं आहे. तालुक्याच्या गावांत त्या दशकात जे छापलं गेलं त्याचा केवढा तरी हिस्सा कुठल्या सर्चमध्ये येत नाही, कारण तो अक्षरांत नाही, आकारांत साठवलेला आहे. आणि त्याची किल्ली अशाच एखाद्या एक्सपीवर, अशाच एखाद्या डोंगलमध्ये अडकलेली आहे. "भंगारात द्या" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते एवढ्यासाठी. मशीन द्या हो भंगारात, कोण अडवतंय? पण आतलं बघितलंत का आधी?

मजकुराचं रूपांतर ही गंमतीची आणि डोकेदुखीची गोष्ट आहे. खण जुळवायचा तक्ता तर केलाच, दोनशेच्या आसपास तुकडे. पण नुसतं तक्त्याने भागत नाही. जुन्या फॉन्टात आपण बघतो त्या क्रमाने साठवण असते. "कि" मध्ये वेलांटी आधी दिसते म्हणून ती आधी; युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी नंतर. "सूर्य" मधला रफार दिसतो य च्या डोक्यावर, म्हणून जुन्यात य नंतर. युनिकोडमध्ये तो य च्या आधी. एकेक वेलांटी उचलून मागे, एकेक रफार उचलून पुढे. जोडाक्षर मधे आलं की किती पावलं हलवायचं तेही बघायचं. आणि मग आपला खास मराठी अर्धा ऱ. "आचार्यांना" आणि "आचाऱ्यांना" यात फरक काय हे लग्नघरात विचारा! त्यात हा ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, दोन्ही अगदी एकसारखे दिसतात, आणि एकाने शोधलं तर दुसरा सापडत नाही. मी सगळीकडे एकच पद्धत ठेवली.

हे सगळं झालं आणि मग अण्णांचा मुलगा मदतीला धावला. त्याने दहा पानं घेऊन मराठी स्पेलचेकरमधून काढली आणि लाल रेघा दिसल्या त्या सगळ्या "सुधारल्या". अहिराणीत ळ चा य होतो. काळाचं काया, डोळाचं डोया. स्पेलचेकरने काया, डोया सगळे पकडून काळा, डोळा करून टाकले. ओव्या एकदम शुद्ध! मास्तरांच्या पत्नी, वय ऐंशीच्या पुढे, प्रुफं वाचत होत्या. त्यांनी दुसऱ्याच ओळीला पेन्सिल थांबवली आणि म्हणाल्या, ही बाई आमच्याकडची नाही. मूळ फाइल एक्सपीवर तशीच होती म्हणून मागे जाता आलं. नुसती पीडीएफ किंवा नुसती रूपांतरित प्रत ठेवून मशीन विकलं असतं तर त्या ओळी कशावर पडताळल्या असत्या?

म्हणून माझं म्हणणं आहे की मूळ सिस्टिम मूळ स्थितीत उठवता आली पाहिजे, निदान रूपांतर माणसाने वाचून होईपर्यंत. तिच्यावर रोज काम करू नका. नवीन पत्रिका त्याच जुन्या फॉन्टात लावत राहणं मला मान्य नाही, आणि अण्णांना मी ते दोनदा सांगितलंय. लिनक्सवर युनिकोडमध्ये सगळं होतं. लोहित फॉन्ट तर २००४ पासून मुक्त परवान्यात आहेत. त्यावर अण्णांचं म्हणणं की लग्नपत्रिकेला जे वळणदार अक्षर लागतं ते तिकडे मिळत नाही, आणि गिऱ्हाईक अक्षर बघून ॲडव्हान्स देतं. त्यांच्या या म्हणण्यावर माझ्याकडे अजून चांगलं उत्तर नाही. युनिकोडमध्ये सुबक फॉन्ट आता पुष्कळ झालेत, पण "श्री गणेशाय नमः"च्या वरचा तो मोर आणि खालची ती नक्षी कोणी काढलेली नाही. कोणाला वेळ असेल तर काढा राव.

पारोळ्यापासून थोडं उत्तरेला अमळनेर. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली आणि तिने कॉम्प्युटरसुद्धा बनवले. आम्हा खान्देशी सॉफ्टवेअरवाल्यांना हे सांगायला फार आवडतं, पाहुण्यांना हटकून सांगतो. पण त्याच खान्देशातल्या छापखान्यांच्या डिस्कवर काय पडलंय हे बघायला आमच्यापैकी कोणी जात नाही. दिवाळीत गावी गेलात की आई-वडिलांच्या मोबाइलचं स्टोरेज रिकामं करून देता ना? मग तसंच एक लिनक्सचा पेन ड्राइव्ह आणि एक रिकामी हार्ड डिस्क सोबत न्या. गल्लीतल्या प्रेसवाल्या काकांना विचारा. प्रतिमा काढायला एक दुपार जाते आणि त्यातली बरीचशी चहा पिण्यात जाते. पार्टिशन एमबीआर आहे की जीपीटी, याने प्रतिमेला काही फरक पडत नाही, ती पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत सगळं उचलते. अर्थ लावायचं काम नंतर निवांत करता येतं.

ओव्यांची सध्याची परिस्थिती अशी: एकूण १६० पानं, त्यातली ९३ पेन्सिल फिरून आली. प्रत्येक पानात वेलांटीच्या दोन-तीन चुका अजून सापडतात, बहुतेक जोडाक्षराच्या मागच्या. स्क्रिप्ट दर शनिवारी थोडी दुरुस्त होते. अण्णांनी तेवढ्यात कपाटाच्या वरून फ्लॉप्यांचा एक खोका खाली काढलाय, त्यावर "विंडोज ९८ चं" असं लिहिलंय. यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह कोणाकडे पडून असेल तर मला हवा आहे.